बुंचीच्या गोष्टीचा शेवट

चंदननगरच्या बकुलतला आळीत साहित्यिकांना तोटा नव्हता. ज्याला घरात कोणी विचारत नाही तो तिथे कविता करी, आणि ज्याला कचेरीतही कोणी विचारत नाही तो कादंबरीला हात घाली. संध्याकाळी रमापती बागचींच्या ओट्यावर ही मंडळी जमत, मुरमुरे आणि वांग्याची भजी खात, आणि त्या दिवशी जो आलेला नसेल त्याच्या लिखाणाची सालं काढत. त्यामुळे सहसा कोणी गैरहजर राहत नसे.

रमापतीबाबू या सगळ्यांचे म्होरके. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आळीच्या जगद्धात्री पूजेची स्मरणिका कितीतरी वर्षं त्यांच्याच हातात होती. त्यांची स्वतःची एक कादंबरी चालू होती आणि ती सगळ्या आळीला माहीत होती, कारण ती चालूच होती. पहिल्या प्रकरणात नायक खिडकीशी उभा राहिला होता, तो अजून तिथेच उभा होता. मध्यंतरी बागचींच्या मुलीचं लग्न झालं, तिला मुलं झाली, ती मुलं शाळेत जाऊ लागली. नायकाचे पाय दुखले नाहीत.

या ओट्यासमोरून बुंची रोज जाई. सकाळी गंगेवर, मग बाजारात. ओट्यावरचा एखादा म्हणे, "काय बौदी, आज कुठला मासा?" तिकडे वहिनीला बौदी म्हणतात, आणि आळीतल्या प्रत्येक बाईला काहीतरी म्हटल्याशिवाय तिथल्या पुरुषांना करमत नाही. ती मासा सांगे आणि पुढे जाई. त्यांच्याविषयी तिचं जे मत होतं ते देवघरातल्या गोपाळाला नैवेद्य दाखवताना ती त्याच्या कानात सांगत असे, आणि मग अशी जीभ चालवल्याबद्दल त्याचीच क्षमा मागत असे. गोपाळ पितळेचा असल्यामुळे त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

बुंची म्हणजे नकटी. जन्मल्यावर नाक बसकं दिसलं म्हणून आजीनं ते नाव ठेवलं. शिवाय असल्या नावाच्या पोरीला दृष्ट लागत नाही, हा वरचा फायदा. शाळेत घालताना बापानं 'हिरण्मयी' लिहिलं. तो नदीपलीकडे जगद्दलला तागाच्या गिरणीत कामाला, पण नावं ठेवण्यात गरिबी कशाला करायची असं त्याचं म्हणणं. ते नाव शाळेच्या दाखल्यावर चढलं, लग्नपत्रिकेवर चढलं आणि मग ट्रंकेत गेलं. तिकडे प्रत्येकालाच दोन नावं, एक घरचं आणि एक बाहेरचं. पुरुषाचं बाहेरचं नाव निदान दारावरच्या पाटीवर लागतं. हिरण्मयीला कोणी हिरण्मयी म्हणून हाक मारल्याचं तिला स्वतःलाच आठवत नव्हतं.

एका वर्षी पूजेचा प्रसाद बागचींकडे पोचवताना तिनं धीर करून विचारलं होतं की स्मरणिकेत बायकांनी काही लिहिलं तर चालेल का. बागची हसले. शेजारच्या पोरानं चष्मा लावायला मागितला की म्हातारी माणसं हसतात तसे.

"चालेल की, बौदी. केळफुलाच्या भाजीची कृती द्या तुमची. मोठ्या अक्षरात छापू."

तिनं दिली. छापली. खाली नाव 'बुंची बौदी'. फक्त छापताना मिठाची ओळ गळली, आणि पुढे वर्षभर आळीतल्या बायका घाटावर भेटल्या की तिला विचारत, तुमच्या घरी मीठ वर्ज्य आहे का गं. बागचींना कोणी काही विचारलं नाही.

बुंची गोष्टी लिहिते हे तेव्हा फक्त गोपाळाला ठाऊक होतं. तिचा नवरा निमाई कुंडू पूजेच्या रोषणाईचे फलक बनवी. बांबूच्या चौकटीवर दिव्यांचे मोर, हत्ती, नाचणाऱ्या बाया. कुठला दिवा कुठे बसायचा त्याचे ठिपके काढलेले मोठाले कागद काम झालं की तो टाकून देई. त्यांच्या पाठी कोऱ्या असत. दुपारी जेवणं उरकून घर लवंडलं की बुंची देवघराच्या उंबऱ्याशी बसे आणि ठिपक्यांच्या मोराच्या पाठीवर गोष्ट लिही. लिहिलेले कागद गोपाळाच्या गादीखाली जात. पारोशानं तिथे हात लावायची निमाईची छाती नव्हती, आणि अंघोळ करून तिथे जावं असं त्याच्या कधी मनात आलं नाही.

दुपार तरी कुठली स्वतःची म्हणावी. नायिका रडायला लागली की नेमकी शेजारची बीणा, "दोन मिरच्या आहेत का गं?" म्हणत यायची आणि मिरच्या हातात घेऊन चांगली बैठक मारायची. ती उठेपर्यंत नायिकेचे डोळे कोरडे झालेले असत, आणि तिला पुन्हा रडवायची बुंचीला लाज वाटे. सुरुवातीच्या गोष्टी तिनं स्वतःच शेगडीत घातल्या. त्यांतल्या सगळ्या नायिका गोऱ्या, कमळासारख्या डोळ्यांच्या आणि सोशीक होत्या. जावा तेवढ्या काळ्या. वाचून पाहिल्यावर तिला वाटलं, असली सोशीक बया शेजारी राहायला आली तर मी दार लावून घेईन. एकदा तिनं गोष्टीत एक विलायतेहून परतलेला डॉक्टर घातला. तो सकाळी उठून काय करतो हेच तिला सुचेना, म्हणून त्याला तिसऱ्या पानावर विषमज्वरानं मारला आणि सुटका करून घेतली.

कधी एखादं वाक्य मात्र साधे. 'सासूबाई येताहेत हे घराला आधीच कळे. त्यांच्या पदराच्या किल्ल्या पाठीवर वाजत.' हे वाक्य लिहून झालं त्या दुपारी तिनं गोपाळाला दोन बत्तासे जास्त ठेवले आणि एक स्वतः खाल्ला. एवढ्याशा वाक्याला दुपार गेली होती. खरं लिहायचं म्हटलं की पेन असं अडे. बनवून लिहायचं असलं की ते उतारावरच्या सायकलीसारखं पळे. पळणाऱ्या पेनाला ती देवाची कृपा समजत असे.

किल्ल्यांच्या त्या वाक्यातून पुढे अख्खी गोष्ट निघाली. निघणारच होती, ती तिच्या पोटात कित्येक वर्षं आंबत पडली होती.

निमाईच्या थोरल्या भावाची बायको, जिला बुंची बडदी म्हणे, त्याच अंगणात पलीकडच्या अंगाला राहायची. चुली वेगळ्या. पूर्वी एकच होती. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा बडदी माहेरी गेलेली, म्हणून कोठीच्या किल्ल्या सासूनं बुंचीच्या पदराला बांधल्या. बडदी परत आली, तिनं ते पाहिलं आणि बोलली काहीच नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून मोहरीचं तेल मागायलासुद्धा ती अंगणात उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "मालकीणबाई, जरा कोठी उघडता का?" असं विचारू लागली. महिनाभर हे चाललं. शेवटी बुंचीनं किल्ल्या अंगणात फेकल्या. बडदीनं वाकून उचलल्या, पदराला बांधल्या, खांद्यावरून मागे टाकल्या. तो आवाज बुंचीच्या कानांतून गेला नाही. सासू वारली, चुली मोडल्या, वाटण्यांत देवघर बुंचीकडे आलं. त्यामुळे दर गुरुवारी लक्ष्मीची कथा ऐकायला बडदीला तिच्याच उंबऱ्यात यावं लागे. ती येई, शेवटच्या पायरीवर बसे, हातात अक्षता धरून कथा ऐके आणि प्रसाद घेऊन चालती होई. लक्ष्मीशी कोण भांडणार?

गोष्टीत बुंचीनं किल्ल्या फेकल्या नाहीत. गोष्टीतली धाकटी भांडून निघते, घाटावर येते, पलीकडे माहेरी जायला होडीची वाट बघत पायरीवर उभी राहते, आणि तेव्हा तिच्या पाठीवर किल्ल्या वाजतात. घरात म्हातारी आजारी, कोठी बंद, आणि किल्ल्या हिच्या पदराला. होडी लागते.

इथपर्यंत लिहायला तिला पावसाळा अख्खा लागला. पुढचा शेवट एका बैठकीत झाला. धाकटी माघारी फिरते. घरी थोरली बंद कोठीपुढे बसून रडते आहे, मुलं उपाशी, अहंकार गळालेला. धाकटीला पाहताच ती पायांशी येते, म्हणते, मी तुला ओळखलं नाही. किल्ल्या धाकटी स्वतःच्या हातानं थोरलीच्या पदराला बांधते. घरात लक्ष्मी नांदते. बुंचीनं पेन ठेवलं तेव्हा तिचेच डोळे वाहत होते. गुरुवारच्या कथेतही असंच होतं. चुकणारी चुकते, भोगते, शरण येते. बडदीला रडवून तिला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी आरतीला तिनं आवाज चढवला.

गोष्ट स्वच्छ अक्षरात उतरवून, खाली 'हिरण्मयी कुंडू' एवढंच घालून तिनं ती पोस्टानं स्मरणिकेला पाठवली. बुंची बौदीची गोष्ट म्हटलं असतं तर बागचींनी मीठ किती घालू असं विचारलं असतं. कुंडू तिकडे पैशाला पासरी, तेव्हा वेगळं टोपणनाव शोधायची तिला गरजच पडली नाही. आपलं खरं नाव इतकं चांगलं लपायच्या कामी येईल असं बापाला कुठे माहीत होतं?

स्मरणिका पूजेच्या सप्तमीला आली. निमाई तेव्हा रस्त्यावर शिडीवर होता, घरी फक्त बुंची. तिनं हात धुतले, पुन्हा धुतले, मग पानं उलटली. तिची गोष्ट होती. नाव होतं. पाठीवर किल्ल्या वाजत होत्या. 'होडी लागली होती.' आणि त्याखाली, अर्धं पान भरून, एका ताटात मांडलेले संदेश, तिकडची छेन्याची मिठाई. नव्या खजूरगुळाचे, पोटात पाक भरलेले जलभरे, आगाऊ मागणी नोंदवावी.

तिनं पान उलटलं. मागे होमिओपॅथीचे डॉक्टर तारक भड यांची 'हे अनंता' ही कविता होती. तिनं पुन्हा मागे येऊन पाहिलं, पानं चिकटली असतील म्हणून नखानं सोडवून पाहिली. थोरली कुठेच रडत नव्हती.

त्या दिवशी बुंचीनं गोपाळालाही काही सांगितलं नाही. दूध उतू गेलं ते पुसत बसली. केळफुलाला मीठ नाही, गोष्टीला शेवट नाही. या माणसांच्या हातून एखादं लेकरू न्हाऊन यायचं तर एका पायाचंच यायचं, असं ती चुलीशी पुटपुटली.

बीणानं ती गोष्ट वाचली आणि मिरच्या मागायला आली तेव्हा तीच काढून बसली.

"अगं, वाचलीस का? ती घाटावर उभी राहिली आणि पुढे मिठाईच. मला आधी वाटलं, माहेरी जाताना संदेश घेतला असेल तिनं. मग कळलं जाहिरात आहे. पुढे काय झालं पण? गेली की फिरली? कोण ही हिरण्मयी, अर्ध्यावर टाकून जाणारी. मला भेटली ना, कान धरून विचारीन."

"विचार," बुंची म्हणाली, आणि मिरच्या काढून दिल्या.

ओट्यावर मात्र दिवाळी चालली होती. बुंची बाजारातून येता-जाता पाऊल मंद करून ऐके. डॉक्टर भड म्हणत होते की ही बाई कलकत्त्याची असली पाहिजे. दुसरा म्हणत होता, कलकत्त्याची कसली, बाहेरदेशी राहिलेली. बागचींनी तर निकालच दिला. शेवट न करण्याचं हे धैर्य आपल्याकडच्या बाईला सुचणं शक्य नाही. इतर बायका असत्या तर त्यांनी नायिकेला घरी नेऊन रडारड केली असती. हिनं तिला अधांतरी सोडलं, आयुष्य असंच असतं. बागची आयुष्याविषयी बोलू लागले की भजी निवत. बुंचीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आपण रडारडच केली होती हे तिला चांगलं आठवत होतं.

विसर्जनानंतर आठवडाभरानं आळीचं स्नेहसंमेलन होतं. मांडव उतरायचा बाकी, बटाट्याचा दम मागे शिजतोय, लुच्या म्हणजे मैद्याच्या पुऱ्या तळायच्यात, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. निमाई शिडीवर चढून एक बिघडलेली माळ सोडवत होता. बागचींनी माइक हातात घेतला आणि स्मरणिकेविषयी सांगायला लागले, म्हणजे स्वतःविषयीच. मग म्हणाले की यंदा एका अनोळखी लेखणीनं आपल्याला थक्क केलं. श्रीमती हिरण्मयी कुंडू यांना निमंत्रण पाठवायला पत्ता नव्हता, पण त्या कदाचित आल्या असतील तर त्यांनी पुढे यावं.

सगळ्यांनी माना वळवून फाटकाकडे पाहिलं. चष्म्याची, खांद्याला झोळी अडकवलेली एखादी बाई उतरेल अशा आशेनं डॉक्टर भड तर उठूनच उभे राहिले. फाटकात एक कुत्रं होतं.

बुंची उठली. गुडघा कुरकुरला. ती बायकांमधून वाट काढत पुढे निघाली तसे बागची माइकमध्येच म्हणाले, "बौदी, लुच्यांना अजून वेळ आहे. बसा तुम्ही."

"मी लुच्यांना नाही आले. मीच हिरण्मयी."

कोणी हसलं. मग कोणीच हसेना. शिडीवरून निमाईचा आवाज आला, "हो हो, बरोबर. पत्रिकेत होतं हे नाव. मी म्हटलं, कुठंतरी वाचलंय."

याच्यानंतर मात्र सगळे हसले आणि निमाईही हसला. आपण काय विनोद केला हे त्याला घरी जाईपर्यंत उमगलं नाही. बायकांच्या घोळक्यात बडदी बसली होती, ती हसली नाही. तिनं स्मरणिका वाचली होती की नाही हे बुंचीला माहीत नव्हतं. तिच्या पाठीवर किल्ल्या होत्या.

बागची एव्हाना सावरले होते. असल्या माणसांना सावरायला फार वेळ लागत नाही. ते म्हणाले, पाहा, प्रतिभा कुठे दडलेली असते, केळफूल निवडता निवडता. आणि तो शेवट, तो न केलेला शेवट...

"केला होता मी शेवट, दादा," बुंची म्हणाली. माइक जवळ असल्यामुळे ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "पान-दीड पान होता. तिथे तुम्ही संदेश ठेवलेत."

जाहिरात ऐनवेळी आलेली, जागा करायला हवी होती. ज्याच्या मागेपुढे कोणी नाही असं एक नाव पाहून बागचींनी कात्री लावली होती आणि विसरून गेले होते. ते आता त्यांना आठवलं, हे पहिल्या रांगेतल्यांना स्पष्ट दिसलं. पण अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. तोट्याचा नफा करून दाखवणं त्याच्या हाडात.

"यालाच संपादन म्हणतात, बौदी," ते म्हणाले. "लेखकाला जे कळत नाही ते संपादकाला कळतं. पुढच्या वर्षी पण द्या. शेवट नाही दिलात तरी चालेल."

ओट्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सत्काराची शाल बुंचीच्या खांद्यावर आली. ती घेऊन ती बायकांत जाऊन बसली. टाळ्या तिच्यासाठी होत्या की कात्रीसाठी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. घरी परतताना बीणानं कान धरला नाही, पण बाही धरली.

"ते काही नाही. गुरुवारी सांगायचा शेवट. कथेच्या आधी नाही, नंतर. कथा सांगून झाल्यावर."

गुरुवारी तांदळाच्या पिठाची पावलं उंबऱ्यापासून घटापर्यंत काढली होती. नेहमीच्या बायका आल्या, काही नव्यादेखील. शेवट ऐकायला मिळणार असल्याचं बीणानं घाटावर सांगून ठेवलं होतं. बडदी शेवटच्या पायरीवर आली. बुंचीनं लक्ष्मीची कथा वाचली, जयजयकार झाला, प्रसाद वाटला. बडदी प्रसाद घेऊन उठायची ती आज उठली नाही.

मग बुंचीनं स्वतःची गोष्ट सांगितली. कच्चे कागद गोपाळाच्या गादीखालून काढायची गरज नव्हती, शेवट तिला पाठ होता. ज्या वेगानं लिहिला त्याच वेगानं तो तोंडातून आला. धाकटी फिरली. थोरली कोठीपुढे रडत बसली. मुलं उपाशी. पायांवर पडली. किल्ल्या बांधल्या. सांगताना ती बडदीकडे बघत नव्हती, घटाकडे बघत होती.

झाल्यावर कोणी डोळे पुसले नाहीत. एकीनं जांभई दाबली. बीणा म्हणाली, "असं होय," आणि पदर नीट केला. एक नवी बाई म्हणाली की मिठाईच्या ताटाशी थांबलं होतं तेव्हा जास्त रुखरुख लागली होती. बुंचीला वाटलं, ही पण ओट्यावरची.

"रडली?"

आवाज शेवटच्या पायरीवरून आला होता. बडदीनं अक्षता ताटलीत टाकल्या आणि हात झटकले.

"ती थोरली. कोठीपुढे बसून रडली? मुलं उपाशी ठेवून? कसली बाई आहे ती. अगं, होडी पलीकडे लागायच्या आत मी कुलूपवाला बोलावला असता. जुनं कुलूप फोडून नवं बसवलं असतं. आणि स्वयंपाकही रोजच्या वेळेला झाला असता."

उठू लागलेल्या बायका परत टेकल्या. एवढी वर्षं या दोघी जावांमध्ये मीठ-तेलापलीकडे शब्द नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणि धाकटी परत आली असती तर?" बुंचीनं विचारलं.

"तर काय. दार उघडून म्हटलं असतं, ये, पाय धू, जेवायला बस. किल्ल्यांचं नावसुद्धा काढलं नसतं मी." बडदी उठली. "रडली म्हणे. कुठल्या देशीच्या जावा आणतेस गं तू गोष्टीत?"

ती अंगण ओलांडून गेली. किल्ल्या वाजत गेल्या.

बायका गेल्यावर बुंची घटापुढे बसून राहिली. बागचींवर तिला इतका राग कधी आला नव्हता, कारण त्या मूर्खानं संदेश ठेवायला म्हणून का होईना, जे कापलं ते कापण्याच्याच लायकीचं होतं. देवीपुढे बसून जिभेवर आलेले शब्द तिनं गिळले. शेवट पेनानं पळवला होता, तिनं लिहिला नव्हता. बडदीला एकदा पायांशी पाडायचं होतं, तेवढ्यासाठी तिनं ओळख नसलेली एक रडवी बाई तिच्या जागी आणून बसवली होती. आणि खरी बडदी इतकी वर्षं अंगणापलीकडे होती. विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

दुसऱ्या दुपारी तिनं ठिपक्यांच्या हत्तीचा कागद काढला आणि पाठीवर लिहायला घेतलं. पेन अडलं. धाकटी घाटावरून फिरली तिथपर्यंत यायलाच दिवस गेला. त्यात निमाईनं चहा मागितला, मासेवालीनं हाक मारली, बीणा आली आणि मिरच्या न मागताच बसली. "तू लिही, मी बोलत नाही," असं म्हणून ती बोलतच राहिली. पुढल्या दिवशी बुंचीनं धाकटीला दारापर्यंत आणलं. त्याच्या पुढल्या दिवशी नुसतं दार उघडलं. थोरली म्हणाली, ये, पाय धू. धाकटीनं पाय धुतले, पाटावर बसली. कोठीला नवं कुलूप होतं, पितळेचं, अजून चकचकीत. त्याची एकुलती किल्ली थोरलीच्या पाठीवर होती. एकच असल्यामुळे ती वाजत नव्हती. धाकटीच्या पदराला अख्खा जुडगा, त्यानं आता काहीच उघडत नव्हतं. थोरलीनं भात वाढला. धाकटी जेवायला लागली.

तिथे तिनं पेन ठेवलं. या खेपेला रडू आलं नाही. भूक लागली होती. तिनं गार भात कालवून घेतला आणि देवघराच्या उंबऱ्यातच जेवली, जे ती एरवी कधी करत नसे.

गुरुवारी कथेनंतर तिनं नवा शेवट वाचला. या वेळी बडदीकडे बघून वाचला. झाल्यावर बीणा बराच वेळ गप्प होती. आणि बीणा गप्प होती एवढं बुंचीला पुरे होतं. दुसरी एक बाई म्हणाली, मी असते तर ताट सरकवून उठले असते. तिसरी म्हणाली, उठून जाशील कुठे. मग त्या दोघींची जुंपली, प्रसाद हातातच राहिला.

बडदी मात्र पायरीवर हनुवटी हातावर टेकून बसली होती. भांडण ओसरल्यावर ती म्हणाली, "डाळ नाही वाढली तिनं?"

"भात वाढला असं लिहिलंय."

"नुसता भात कोण वाढतं. डाळ वाढली असं घाल. आणि धाकटीला ती अळणी लागली असं लिही. थोरल्या जावेच्या हातची डाळ धाकटीला कधी बरोबर लागली आहे?"

बायका हसल्या. बुंची हसली नाही. तिच्या मनात आलं की आधी बागची, मग डॉक्टर भड, आता ही. बकुलतल्यात आणखी एक साहित्यिक वाढला, आणि तोही आपल्याच अंगणात.

सगळ्या गेल्यावर तिनं हत्तीचा कागद पुन्हा काढला. बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं, ओठ आवळले, आणि भातावर डाळ वाढली. अळणी.